फवारणाऱ्याचं तोंड बांधलं, कालवणारीचं काय?



भाताची झोडणी उरकली, खाचरातली ओल बघून वाल पेरून झाला आणि कलमांना पालवी फुटू लागली, की आमच्या पेण-रोहा भागात पंपांचे आवाज सुरू होतात. याच सुमारास या सदराकडे पत्रंही जास्त येतात. तुडतुड्यांवर काय मारू, मोहोर करपला तर काय करू, दुकानदार एक सांगतो आणि शेजारी दुसरंच सांगतो, असे नेहमीचे प्रश्न. या वेळी मात्र रोह्याकडच्या एका भगिनीचं पत्र जरा निराळं आलं. त्यांचा मूळ प्रश्न आंब्याच्या तुडतुड्यांचाच, पण खाली चार ओळी वेगळ्या होत्या आणि आज त्यांचंच उत्तर सविस्तर द्यायचं ठरवलं आहे.

त्यांची मुलगी बारावीनंतर पेणला एका दाताच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. सुट्टीला ती घरी आली तेव्हा आई अंगणात टिपाडात औषध कालवत होती. काठी हाताशी नव्हती, म्हणून कोपरापर्यंत हात घालून. मुलगी म्हणाली, "आई, आमच्याकडे पेशंटच्या दातावर नुसतं पाणी उडणार असलं तरी मास्क, चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय डॉक्टर मला खुर्चीजवळ उभं करत नाहीत. तू तर विषात हात घालतेस." बाईंनी विचारलं आहे, पोरीचं म्हणणं खरं, की शहरातलं नवं खूळ? आणि जाता जाता असंही विचारलं आहे, की तिच्या त्या कामात तिच्या जिवाला काही धोका तर नाही ना?

बाई, मुलगी खरं बोलली. तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण आईचा जीव तिथं अडकलेला आहे.

दात कोरायचं यंत्र अतिशय वेगाने फिरतं आणि तापू नये म्हणून त्याच्या टोकातून पाण्याचा फवारा सुटतो. तो फवारा रोग्याच्या तोंडातली लाळ, रक्त, दातांची भुकटी घेऊन बाहेर उडतो. मोठे थेंब जवळच पडतात, बारीक तुषार हवेत तरंगत राहतात. डॉक्टर एका बाजूला आणि तोंडातलं पाणी ओढून घेणारी नळी धरून मदतनीस दुसऱ्या बाजूला, दोघांची तोंडं रोग्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर. तेव्हा जे डॉक्टरच्या तोंडावर उडतं तेच तिच्याही तोंडावर उडतं. म्हणून नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क, आणि तो ओला झाला की बदलायचा. डोळ्यांना कडेने बंद असलेला चष्मा. अंगावर झगा. हातमोजे दर रोग्याला नवे, आणि ते काढल्यावर हात साबणाने धुवायचे. मोजे होते म्हणून हात धुवायचे नाहीत, असं चालत नाही.

पण तिला खरा धोका खुर्चीजवळ आहे त्याहून अधिक मोरीजवळ आहे. काम झाल्यावर ती टोकदार हत्यारं कोण धुतं? मदतनीस. सुई कोण उचलतं? बहुधा मदतनीसच. एखादं टोक बोटात घुसलं, तर हिपॅटायटिस बी नावाच्या यकृताच्या काविळीचा विषाणू रक्तातून रक्तात जातो. हा विषाणू इतका चिवट, की वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर निदान ७ दिवस जिवंत राहू शकतो. हत्यारं धुताना म्हणून ते पातळ मोजे उपयोगाचे नाहीत, जाड रबरी मोजे लागतात. वापरलेल्या सुईवर दोन हातांनी टोपण बसवायचं नाही. सुई न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची. या काविळीवर लस आहे, सहसा तीन टोचण्या, पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहाव्या महिन्याला. तुमच्या मुलीने ती घेतली आहे का, एवढं आजच विचारा. घेतली नसेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगायला लावा. बरेच डॉक्टर आपणहून देतात, पण नवी मुलगी भिडेपोटी बोलत नाही आणि राहून जातं. तिच्या कामाला याहून अधिक घाबरायचं कारण नाही.

आता तुमच्या टिपाडाकडे वळू. दवाखान्यात निदान एवढं झालं, की मदतनीस हीसुद्धा धोक्यात उभी आहे, हे मान्य झालं. आपल्या वाडीत अजून ते मान्य नाही. आंब्याच्या फवारणीला माणसं किती लागतात ते मोजा. एक जण गन धरून झाडाखाली. एक जण पाइप ओढायला. एक जण पंपाशी, टिपाडात औषध कालवायला, आणि विहिरीवरून पाणी आणायला घरातल्या एक-दोन बायका. संध्याकाळी त्या सगळ्यांचे कपडे धुणारी आणखी एक. तोंडाला फडकं बांधतो तो फक्त गनवाला. बाकीच्यांना आपण फवारणी करतोय असंच वाटत नाही, ती "नुसती मदत करतेय".

या मदतीचा हिशेब मांडून दाखवतो. पुष्कळशी औषधं लिटरला एक ते दोन मिली या प्रमाणात घालायची असतात. म्हणजे बाटलीतलं औषध फवाऱ्यातल्या पाण्यापेक्षा पाचशे ते हजार पट तीव्र. बाटलीतलं एक मिली, म्हणजे साधारण वीस थेंब, मनगटावर ओघळलं तर अर्धा ते एक लिटर तयार फवारा अंगावर ओतून घेतल्यासारखं आहे. गनवाल्यावर जे उडतं ते पाणी घातलेलं, कालवणारीच्या हाताला लागतं ते निव्वळ. ज्याला आपण मदतनीस म्हणतो तिच्याच हाताशी सगळ्यात तीव्र विष असतं. हे एकदा ध्यानात आलं म्हणजे मोजे आधी कुणाला द्यायचे हे वेगळं सांगायला नको.

पुष्कळांची समजूत अशी, की विष पोटात गेलं तरच बाधतं, फार तर नाकावाटे. तसं नाही. फवारणीच्या कामात विष शरीरात जाण्याची मुख्य वाट कातडी ही आहे. हाताच्या तळव्याची कातडी जाड, ती थोडा वेळ धरते. कपाळ, डोकं, काख, जांघ इथली कातडी मात्र भराभर शोषून घेते. आणि आपल्याकडच्या दमट हवेत घामाने भिजलेली कातडी आणखीच. पंप गळत असतो, पाठ ओली होते, चड्डी ओली होते, आणि माणूस तसाच दुपारपर्यंत काम करतो. बाई टिपाडाशी वाकते तेव्हा लुगड्याचा किंवा साडीचा ओला पदर पोटाला चिकटून राहतो. हा ओला कपडा म्हणजे विषाची पट्टीच.

हे विष अंगात जाऊन करतं काय? फॉस्फरसवर्गातली जी औषधं आहेत, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस वगैरे, त्यांचं सांगतो. आपल्या काळ प्रकल्पाच्या कालव्याला जशा फळ्या असतात तसंच शरीरात असतं. मज्जातंतूकडून हुकूम आला की फळी उघडते, स्नायू हलतो, आणि काम झालं की एक विशिष्ट पाचकद्रव्य ती फळी बंद करतं. हे औषध नेमकं त्या बंद करणाऱ्या द्रव्यालाच निकामी करतं. मग फळी उघडीच. घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, उलट्या, पोटात कळा, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास अडतो. किडीला ते असंच मारतं आणि माणसालाही असंच. शिवाय हे द्रव्य शरीरात पुन्हा तयार व्हायला दिवसच्या दिवस लागतात. सोमवारी थोडं गेलं, मंगळवारी थोडं, बुधवारी थोडं, काहीच झालं नाही, आणि शुक्रवारी तेवढ्याच थोड्याने माणूस आडवा होतो. "दहा वर्षं मारतोय, काय झालं नाही" असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

हे पुस्तकी भय नव्हे. २०१७ सालच्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते आठवा. त्या साली कापूस माणसाच्या उंचीला गेला होता. हवा कोंदट. औषधांची मिश्रणं करून मारली जात होती आणि मजूर दिवसचे दिवस फवारत होते. झाडंच छातीच्या वर, त्यामुळे फवारा तोंडाच्या पातळीवर आणि ओल्या पानांतूनच वाट काढायची. त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं मेली आणि शेकडो दवाखान्यात पडली, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घालावी लागली. मेले त्यांत दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाणारेही होते.

आपला कापूस नव्हे, म्हणून आपण सुटलो असं कुणी समजू नये. आंब्याचं झाड कापसाच्या कितीतरी वर. गन वर धरायची, आणि वर गेलेलं पाणी खालीच येणार. गनवाला, पाइपवाला दोघेही त्या पावसात. कापसात निदान फवारा पुढे जातो.

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो. १९५८ साली केरळात अन्नधान्यात पॅराथिऑन हे औषध मिसळून शंभरावर माणसं दगावली. त्या हाहाकारानंतर देशात कीटकनाशकांसाठी वेगळ्या कायद्याची गरज पटली आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम आले. त्या नियमांत संरक्षक पोशाखात काय काय असावं ते सांगितलं आहे: अंग झाकणारा बाह्य पोशाख व टोपी, अर्ध्या हातापर्यंत येणारे पाणी न शिरणारे मोजे, बंद चष्मा आणि बूट. नियम हाताळणाऱ्या प्रत्येकासाठी आहे, फक्त पंपवाल्यासाठी नव्हे. म्हणजे कालवणारी बाईही त्यात आली. पन्नास वर्षांवर झाली. आता तो पोशाख टिपाडापर्यंत का पोचला नाही, यावर आम्ही खात्यातली माणसं पुष्कळ बोलू शकतो, पण ते पुन्हा कधीतरी.

खरं सांगायचं तर तो संपूर्ण रबरी पोशाख घालून कोकणात दुपारी काम करणं शक्य नाही. औषधाने नाही तर उष्म्याने माणूस पडेल. २०२४ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने "किसान कवच" नावाचा धुऊन पुन्हा वापरता येणारा पोशाख दाखवला, त्याचं कापडच औषधाचा प्रभाव मारतं असं सांगतात. किंमत सुमारे ४,००० रुपये. गावाच्या गटाने दोन-तीन घेऊन फिरते ठेवले तर जमण्यासारखं आहे, पण प्रत्येक घराला परवडेल असं मला वाटत नाही. तोवर घरच्या घरी काय करता येईल ते पाहू.

कालवणारीला आधी. कोपराच्या जवळ येणारे जाड नायट्राइल मोजे, बंद चष्मा, आणि गळ्यापासून पोटरीपर्यंत प्लास्टिकचा एप्रन. साडी असेल तर पदर खोचून वर एप्रन, म्हणजे पोटाशी ओल राहणार नाही. कालवायला हातभर लांबीची काठी, आणि ती टिपाडालाच बांधून ठेवा, म्हणजे "हाताशी नव्हती" हा प्रश्न मिटला. बाटली तोंडाच्या उंचीवर धरून ओतू नका, कमरेच्या खाली धरा. मुलीकडून दवाखान्यातले पातळ मोजे मात्र मागवू नका. ते जंतूंसाठी आहेत. औषधात जे तेलकट द्रावण असतं ते पातळ रबरातून पार होतं, आणि मोजा घातला या भरवशावर हात आत मुरत राहतो.

गनवाल्याला पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण विजार, डोक्यावर प्लास्टिकची टोपी, डोळ्यांना चष्मा, पायात गमबूट. विजार बुटाच्या बाहेर, आत खोचली तर ओघळ सरळ बुटात. मोज्यांचं मात्र कामाप्रमाणे बदलतं. भातात किंवा वालात खाली फवारायचं असेल तर बाही मोज्यावर. आंब्याला हात वर करून फवारायचं असेल तर बाही मोज्याच्या आत आणि मोज्याची कड बाहेर दुमडायची, म्हणजे ओघळ त्या दुमडीत अडतो, काखेत जात नाही. साधी गोष्ट आहे, पण कुणी सांगत नाही.

तोंडाला बांधायचा पंचा अगर रुमाल याविषयी दोन शब्द. कोरोनाच्या काळात, २०२० साली, आपण सगळे तोंड झाकायला शिकलो ही चांगली गोष्ट झाली, पण सगळे मास्क एक कामाचे नव्हेत. दाताच्या दवाखान्यातला मास्क थेंब अडवतो. पेणजवळ हमरापूर-जोह्याला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासताना जी पांढरी धूळ उडते, तिला धुळीचा मास्क पुरतो, तिथंही किती पोरं तो लावतात देव जाणे. औषधाची वाफ मात्र या दोन्हींतून आत जाते. तिला कोळशाची डबी बसवलेला मास्क लागतो. आणि कापडी पंचा तर फवाऱ्याने भिजला की विषाची घडी नाकाशी बांधून ठेवल्यासारखा होतो. डबीचा मास्क नसेल तर वारा पाठीशी ठेवणं हाच मोठा मास्क. आपल्याकडे सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे आणि दुपारकडे खारे वारे उलटे येतात. टिपाड सकाळी जिथं वाऱ्याच्या वरच्या अंगाला होतं, तेच दुपारी खालच्या अंगाला येतं, आणि कालवणारी दिवसभर एकाच जागी. म्हणून दहा-साडेदहाला काम थांबवावं हे उत्तम. उन्हाचाही त्रास चुकतो.

काम संपल्यावर मोजे हातात असतानाच बाहेरून साबणाने धुवा, मग काढा. मग हात, मग तोंड, मग अंघोळ. त्याआधी विडी नाही, तंबाखू नाही आणि आमच्या भगिनींच्या माहितीसाठी, मिश्रीही नाही. ते बोट आधी टिपाडाशी आणि मग हिरड्यांवर, असं होता कामा नये. नव्या पायरेथ्रॉइड औषधांनी, डेल्टामेथ्रीनसारख्या, चेहरा चुरचुरतो, गरम पाण्याने तो अधिकच चुरचुरतो. साबण आणि गार पाण्याने धुऊन थोडं खोबरेल लावावं.

फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. वेगळी बादली, धुणारीच्या हातात मोजे, दोन वेळा साबण, आणि कडक ऊन. कुंडलिकेवर किंवा भोगावतीवर नेऊन आपटू नका, आणि खारेपाटातल्या मंडळींनी तर माशांच्या तळीजवळ पंपही धुऊ नये, पायरेथ्रॉइडचा थोडा अंश मासळीला पुरतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, तसंच मुलांना या कामात कालवायला, पाणी ओतायला, कपडे धुवायला अजिबात लावू नये. यात मी कुणाची अडचण ऐकून घेणार नाही.

रिकामे डबे-बाटल्या तीनदा धुऊन ते पाणी टिपाडातच ओता, मग डबा भोसकून निकामी करा. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेचं जेवण जेवून २३ मुलं मेली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस निघालं. स्वयंपाकघर आणि औषध यांच्यामध्ये एका भिंतीचं अंतर पुरत नाही. पूर्वी खोडकिड्यासाठी भातात फोरेटचे दाणे आपण उघड्या हाताने फेकत होतो. २०२० च्या डिसेंबरअखेर त्यावर पूर्ण बंदी आली. कुणाच्या माळ्यावर जुनी पुडी उरली असेल तर ती ना वापरा, ना ओढ्यात टाका. सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला दाखवा.

औषध घेताना बाटलीवरचा चौकोन बघा. त्याच्या खालच्या अर्ध्यातला रंग लाल असेल तर अतिशय जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. एकाच किडीला निळ्या-हिरव्याने भागत असेल तर लाल-पिवळं आणूच नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं आंब्याचं फवारणी वेळापत्रक आहे, कोणतं औषध कितव्या फवारणीला आणि किती मात्रेत ते त्यात दिलेलं असतं. बाईंचा तुडतुड्यांचा मूळ प्रश्न त्यातच सुटतो, त्यांना ते टपालाने पाठवलं आहे.

आणि कुणाला फवारताना, कालवताना किंवा त्या रात्री गरगरलं, घाम फुटला, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागलं, तर "ऊन लागलं" म्हणून निजवू नका. आधी कपडे उतरवून साबणाने अंग आणि केस धुवा. धुणाऱ्याने स्वतः मोजे घालावेत. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका, बेशुद्धीत तोंडात काहीच घालू नका, कुशीवर निजवा. १०८ ला फोन करा, किंवा पेण, रोहा जे जवळ असेल त्या उपजिल्हा रुग्णालयात पोचवा. अॅट्रोपिनची सुई वेळेत मिळाली तर माणूस परत येतो. पण सगळ्याच औषधांना अॅट्रोपिन लागू पडत नाही, म्हणून कोणतं औषध होतं हे डॉक्टरांना कळायलाच हवं. नाव पाठ नसतं, घाबरल्यावर तर मुळीच सांगता येत नाही. तेव्हा ती बाटली, लेबलासकट, एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून रोग्याबरोबर गाडीत द्या.